नाचणाऱ्याचा थकवा आणि चिंचोळीची पावडर

व्यसनात अडकलेल्या नर्तकावरचा चित्रपट म्हटलं की एक ठरलेला साचा डोळ्यांपुढे येतो. आधी प्रतिभा, मग एकटेपणा, मग नशा, मग कोसळणं, आणि शेवटी मरण नाहीतर टाळ्यांच्या गजरात पुनरागमन. असा नृत्यपट मराठीत करायचा आणि तो सोलापुरात घडवायचा ठरला, तर त्यात मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी एमआयडीसीला जागा असावी की नसावी, एवढाच प्रश्न इथं घेतला आहे. माझं उत्तर आहे की असावी, आणि ती कथेच्या मध्यभागी असावी. या मताविरुद्ध जे बोललं जातं ते वजनदार आहे, म्हणून ते एका काकांच्या तोंडी दिलं आहे. हे काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. जुन्या चित्रपटांवर जीव असलेल्या, सोलापूरच्या नावाला जपणाऱ्या अनेकांचे आक्षेप त्यांच्या बोलण्यात एकत्र आले आहेत.

काका: अगं, नृत्यपट ही देहाची गोष्ट असते. पडद्यावर एक माणूस नाचतो, त्याचा तोल जातो, आपण त्याच्याबरोबर घसरतो. बॉब फॉसीचा १९७९ चा 'ऑल दॅट जॅझ' बघ. नृत्यदिग्दर्शक जो गिडियन रोज सकाळी गोळ्या घेतो, सिगरेट ओढतो, बायका बदलतो, हृदय फाटेपर्यंत काम करतो. ती फॉसीची स्वतःचीच कहाणी होती आणि कान महोत्सवानं तिला सर्वोच्च पारितोषिक दिलं. त्या गोळ्या कोणत्या कारखान्यात बनल्या हे आजवर कुणी विचारलंय? आपल्याकडचंही बघ. सोलापूरचा शाहीर राम जोशी. त्याच्यावर १९४७ साली राजकमलनं 'लोकशाहीर राम जोशी' काढला, गाणी गदिमांची, पडद्यावर जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. तमाशापायी घरदार सुटलेला तो शाहीर आपल्याला आपला वाटला, तो त्याच्या आतल्या ओढीमुळे. कलावंताची आतली ओढ हाच अशा चित्रपटाचा विषय. कारखाने, छापे, पंचनामे वर्तमानपत्रांकडे राहू देत.

लेखिका: काका, 'ऑल दॅट जॅझ'मधली ती सकाळ पुन्हा नीट आठवून बघा. कॅसेटवर विवाल्डी लागतं. गिडियन डोळ्यांत थेंब घालतो, डेक्सेड्रिनची गोळी घेतो, शॉवरखाली उभा राहतो आणि आरशात बघून आता खेळ सुरू, असं स्वतःला बजावतो. त्या गोळीतून त्याला कल्पना सुचत नाहीत. रात्रभर संकलनाच्या टेबलावर बसलेलं शरीर सकाळच्या तालमीला उभं राहावं, एवढंच काम ती गोळी करते. १९७० च्या दशकाच्या मध्याला स्वतः फॉसी एका बाजूनं 'लेनी' चित्रपटाचं संकलन करत होता, दुसऱ्या बाजूनं 'शिकागो' हे संगीतक बसवत होता, आणि त्याच ओढाताणीत त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. डेक्सेड्रिन म्हणजे ॲम्फेटामिनच्या घराण्यातलं औषध. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना परविटिन आणि ब्रिटिश सैनिकांना बेन्झेड्रिन वाटलं गेलं, ती याच घराण्यातली. सैन्याला प्रतिभा नको होती, जागे राहणारे जवान हवे होते. भूक मरावी, झोप लांबावी, थकवा जाणवू नये यासाठीच ही रसायनं वापरली गेली. तेव्हा अशा पावडरीत अडकलेल्या नर्तकाची गोष्ट सांगायची तर ती आधी थकव्याची गोष्ट ठरते, आणि थकव्याची गोष्ट म्हणजे कामाची गोष्ट. तासांची, बिदागीची, खेळाच्या तारखांची, दुखावलेल्या गुडघ्यांची आणि तरीही रद्द न होणाऱ्या कार्यक्रमांची. आतली ओढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ओढ असलेले हजारो जण नाचतात. त्यातला एखादा पुडीपर्यंत जातो तो बहुतेक वेळा शरीर साथ देईनासं झाल्यावर आणि काम थांबवणं परवडत नसल्यामुळे. चित्रपटानं हे गाळलं तर प्रेक्षक नशेलाच प्रतिभेची किंमत समजून घरी जातो, आणि नाचणाऱ्या पोरांच्या कानावर याहून घातक गोष्ट पडू शकत नाही.

काका: थकवा मान्य. पण अमेरिकेतली गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी होती. तुझ्या चिंचोळीचा इथं काय संबंध? नाचणारा पोरगा मुंबईतला असो की सोलापुरातला, त्याला पुडी कोपऱ्यावरच्या माणसाकडून मिळते. त्या माणसापर्यंत ती कुठून आली, हे त्या पोराच्या दुःखात कुठंच येत नाही.

लेखिका: त्याच्या दुःखात येत नाही, म्हणूनच ते चित्रपटानं दाखवायचं. नोंदीवरच्या गोष्टी सांगते. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एव्हॉन लाइफसायन्सेस या औषध कंपनीच्या कारखान्यावर छापा घातला आणि सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त केलं. पोलिसांनी त्याची किंमत दोन हजार कोटी रुपयांच्या घरात सांगितली. इफेड्रिन हे औषधच आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो सावरायला डॉक्टर ते वापरतात. पण मेथॅम्फेटामिनचा कच्चा मालही तेच, आणि म्हणून कायद्यानं ते नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. हा साठा केनियाकडे वळवायचा बेत होता, असा पोलिसांचा आरोप होता. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई गुन्हे शाखा याच चिंचोळीत आली. या वेळी कारखान्यात मेफेड्रोन, म्हणजे रस्त्यावरच्या भाषेत एमडी, बनत असल्याचं उघड झालं. पोलिसांनी एकूण जप्त मालाची किंमत सुमारे सोळा कोटी सांगितली. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत धाड घातली, तेव्हा मेफेड्रोनचं मोजमाप शेकडो किलोंत गेलं. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. सोलापूरहून पुण्याला निघालं की आधी चिंचोळी, मग मोहोळ, मग लावणीच्या कलाकेंद्रांसाठी महाराष्ट्रभर माहीत असलेलं मोडनिंब, पुढं टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण आणि मग कुरकुंभ. रात्रभर नाचणाऱ्या बायकांचं गाव आणि रात्र जागवणारी पावडर ज्या वसाहतींत सापडली त्या वसाहती एकाच महामार्गावर आहेत. मोडनिंबच्या कलावंतिणींवर मी कसलाही संशय घेत नाही, त्याला काही आधारही नाही. सांगायचं एवढंच की ज्या रस्त्यानं आपली नाचगाण्याची परंपरा पिढ्यान् पिढ्या पोट भरत आली, त्याच रस्त्यालगत हे घडलं. सोलापुरातला नृत्यपट या रस्त्याकडे पाठ करून पुरा होऊ शकत नाही.

डेक्सेड्रिन आणि मेफेड्रोन यांचं रसायनशास्त्रातलं नातंही इथं कामाचं आहे. मेफेड्रोन हे कॅथिनोन गटातलं, म्हणजे ॲम्फेटामिनचं चुलत भावंड. १९२९ सालीच प्रयोगशाळेत तयार झालेलं, पण या शतकात पार्ट्यांमध्ये आणि डान्स फ्लोअरवर पसरलेलं. त्याचा अंमल थोडा वेळ टिकतो, म्हणून एका रात्रीत ते पुन्हा पुन्हा घेतलं जातं. जबडा आवळतो, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. न्यूयॉर्कच्या गिडियनची गोळी आणि चिंचोळीच्या ड्रममधली पावडर एकाच घराण्यातली आहेत. फरक इतकाच की त्याची गोळी स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या नामांकित कंपनीच्या बाटलीतून यायची. तिथं फॉसीला कारखान्याचा प्रश्न पडला नाही, कारण त्याच्या समाजानं तो प्रश्न औषधाच्या दुकानात मिटवून टाकला होता. आपल्याकडे तो उघडा पडलेला आहे.

काका: आणि आमच्या गावाच्या नावाचं काय? गिरण्या गेल्या. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. चादर-टॉवेल कसेबसे तग धरून आहेत. चिंचोळीत प्रिसिजनचे कॅमशाफ्ट बनतात, ते देशोदेशीच्या गाड्यांत बसतात. बालाजी अमाइन्ससारखी कंपनी तिथं उभी आहे. रोज सकाळी डबा घेऊन हजारो पोरं तिथं ड्यूटीला जातात. तू चित्रपटात चिंचोळी दाखवलीस की उद्या त्यातल्या एखाद्याला मुलगी द्यायलाही लोक बिचकतील. वर पुण्या-मुंबईची माणसं सोलापूर म्हणजे ड्रग म्हणतील. चार गुन्हेगारांपायी अख्ख्या वसाहतीला काळं का फासायचं?

लेखिका: काका, तुमच्या सगळ्या आक्षेपांत हाच मला सर्वांत जड वाटतो. पोटाशी बांधलेला आहे तो. पण नाव झाकून बदनामी टळते का, याचा पुरावा २०१६ नंच दिला आहे. त्या प्रकरणात एका माजी सिनेतारकेचं नाव आलं आणि देशभरच्या मथळ्यांत कारखाना मागं पडला, तिचा चेहरा पुढं आला. तिच्यावरचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये रद्द केला. पुरेसा आधारच नाही असं न्यायालयाला दिसलं. म्हणून तिचं नाव मी इथं लिहीत नाही. पण तोवर आठ वर्षं लोकांनी ही गोष्ट तिची म्हणूनच लक्षात ठेवली होती. साडेअठरा टन माल साठवायला गोदाम लागतं, नोंदवह्या लागतात, वाहतुकीची कागदपत्रं लागतात, पाहणीला येणारे अधिकारी लागतात. यातलं काहीच आज कुणाला आठवत नाही. चेहरा मिळाला की व्यवस्थेची चौकशी लोकांच्या मनातून निघून जाते. चिंचोळीची बदनामी तर झालीच, कारण गावाचं नाव बातमीत होतंच. गेली ती फक्त समज. प्रामाणिक कामगाराला खरी गोष्ट सांगण्यातून धोका नाही. धोका आहे तो अर्धवट गोष्टीतून, कारण अर्धवट गोष्टीत चिंचोळी हा एकच शब्द उरतो आणि त्यात तो कामगारही ओढला जातो. नीट केलेला चित्रपट कॅमशाफ्टच्या शेडमधला माणूस आणि कुलूपबंद शेडच्या मागच्या दारानं आत शिरणारा माणूस यांच्यातला फरक दाखवू शकतो. तो फरक बातमीच्या दोन ओळींत मावत नाही.

आणि एक. सोलापूर फक्त माल बनवतं आणि माल मुंबईतली श्रीमंत पोरं ओढतात, हा दिलासाही आता उरलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळ एमडी पकडलं गेलं. ते मुंबईहून तुळजापूरकडे चाललं होतं. पुढच्या तपासात देवीच्या गावातली किती घरं अडचणीत आली ते सगळ्यांनी वाचलं आहे. इथल्या रस्त्यांनी पावडर आता दोन्ही दिशांना जाते.

काका: तरीही मला भीती वाटते ती दुसरीच. अशा चित्रपटाची पाटी होते. माणसं बोलायच्या ऐवजी भाषणं करतात. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये स्वतःच्या दारूबद्दल लिहिलं तेव्हा कुठल्या गुत्तेदाराला शिव्या घातल्या नाहीत. आपल्या आयुष्याचं जे झालं ते सांगितलं. म्हणून ते पुस्तक काळजाला भिडतं, म्हणून श्याम बेनेगलांना त्यावरून 'भूमिका' करावासा वाटला. तुझ्या चित्रपटात पोलीस, कारखानदार, ठेकेदार, रसायनशास्त्रज्ञ इतके सगळे आले की नाचणाऱ्याला जागा कुठं उरणार?

लेखिका: हंसाबाईंचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं झालं, कारण मी जे म्हणते आहे ते त्यांनी आधीच करून ठेवलं आहे. त्यांनी गुत्तेदाराला शिव्या घातल्या नाहीत हे खरं. पण त्यांच्या कहाणीत काय आहे? खेळण्याच्या वयात कॅमेऱ्यापुढे उभी केलेली मुलगी, तिच्या कमाईवर चालणारं घर, आणि ती थकली तरी न थांबणारी ती कमाई. दारू त्या कहाणीत आभाळातून पडत नाही, घराच्या हिशेबातून येते. म्हणूनच ती खरी वाटते. मला चित्रपटात भाषणं नको आहेत, हिशेब हवा आहे. आणि अनेक माणसं आली की कला मरते, याला 'उडता पंजाब' हे सरळ उत्तर आहे. चिंचोळीवर छापा पडला त्याच वर्षी, जून २०१६ मध्ये, तो आला. सेन्सॉर मंडळानं सुचवलेल्या कापाकापीवर तंटा होऊन मुंबई उच्च न्यायालयानं एकच काट ठेवून त्याला वाट मोकळी करून दिली. त्यात व्यसनी गायक टॉमी सिंग आहे, पण सरहद्दीपलीकडून शेतात भिरकावलेलं पाकीट ज्या मजूर मुलीच्या हाती लागतं तीही आहे, आणि पोलीस व डॉक्टर औषधकंपनीचा माग काढतात तोही भाग आहे. गायक पुढं बदलतो, त्यात त्या मुलीच्या भेटीचा मोठा वाटा आहे. तिला वगळलं असतं तर टॉमी नुसताच आरडाओरडा करणारा एक तारा राहिला असता. माझी तक्रार असलीच तर त्या पहिल्या दृश्याबद्दल आहे. पाकीट बाहेरून येतं, हे पंजाबच्या बाबतीत खरं असेल. आपल्याकडे ते बाहेरून आलेलं नाही. आपल्या जमिनीवर, आपल्या वीजजोडणीवर, आपल्या पाण्यावर ते बनलं. मराठी चित्रपटाला सुरुवात वेगळी करावी लागेल.

आणि नृत्याला हे जमत नाही असं का समजायचं? उलट इतर कोणत्याही कलेपेक्षा नृत्यालाच हे जमेल. रात्रपाळीच्या कामगाराचं शरीर आणि रात्री बैठकीत उभ्या राहणाऱ्या नर्तकीचं शरीर, दोन्ही घड्याळाविरुद्ध जागी असतात. ड्रम उचलताना जशी पाठ वाकते, तशीच ती चाळ बांधताना वाकते. दिग्दर्शकाला काही समजावून सांगायचीही गरज नाही, दोन दृश्यं एकापुढे एक ठेवली तरी पुरे. भूषण कोरगावकरांच्या 'संगीत बारी' या पुस्तकानं आणि सावित्री मेधातुल यांच्या लावणीवरच्या माहितीपटानं दाखवलं आहे की लावणी म्हणजे पायातला जोर, श्वासाचा हिशेब, वर्षानुवर्षांचा रियाज आणि मालकाशी ठरलेला वाटा. एवढं सगळं ज्या नाचात आधीच आहे त्याला थकवा दाखवायला वेगळं भाषण लागत नाही. भाषण लागतं ते नाच केवळ सौंदर्य म्हणून दाखवला आणि कष्ट झाकले, तर. मग झाकलेलं कुणाच्या तरी तोंडून बोलून घ्यावं लागतं.

काका: म्हणजे नर्तकाचा दोषच नाही? सगळं काम, थकवा आणि कारखाना? हे मला पटत नाही. पुडी त्यानंच उघडली. शिवाय कारखाना पडद्यावर आला की चार उपद्व्यापी पोरं तो बघून शिकतील, ही भीती वेगळीच.

लेखिका: दुसऱ्या भीतीशी मी शंभर टक्के सहमत आहे. काय कशात मिसळतात हे एका फ्रेममध्येही दिसता कामा नये, आणि त्याची गरजही नाही. बंद शेड, रात्रीचा दिवा, वास, खोकला, बिनपावतीचा टेम्पो एवढं पुरतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. पुडी त्यानंच उघडली, हे चित्रपटानं लपवू नये. लपवलं तर बाहेर पडण्याची ताकदही आपण त्याच्याकडून काढून घेतो. व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णाला पहिल्यांदा हेच कबूल करावं लागतं. पण ती पुडी त्याच्या हातात येईपर्यंत कुणी कुणी उघडली, हे विचारल्यानं त्याची जबाबदारी कमी होत नाही, बाकीच्यांची उघड होते. अनिल अवचटांनी गर्दबद्दल, म्हणजे ब्राउन शुगरबद्दल, लिहिलं तेव्हा पुण्यातला तो विळखाही लोकांना दिसला आणि त्यात तडफडणारा मुलगाही माणूस म्हणून दिसला. त्या लेखनातूनच, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि डॉ. अनिता अवचटांनी ते चालवलं. फक्त पुरवठ्यावर बोट ठेवून ते थांबले असते तर पोलिसांचा अहवाल झाला असता. फक्त मुलाच्या यातना रंगवल्या असत्या तर वाचक रडून मोकळे झाले असते. दोन्ही एका जागी आलं म्हणून काहीतरी उभं राहिलं. नृत्यपटाकडून मी याहून जास्त मागत नाही.

म्हणून ज्यांच्या मनात असा चित्रपट आहे त्यांना सांगणं एवढंच. तो चिंचोळीत, त्या महामार्गावर, खऱ्या पाळीच्या वेळांना चित्रित करा. पटकथा लिहिण्याआधी तिथल्या कंत्राटी कामगारांशी आणि मोडनिंबच्या कलावंतिणींशी बोला. पहिला खेळ पुण्यात ठेवू नका, सोलापुरात ठेवा. आणि शेवटच्या पाटीवर कायद्यातली एक तरतूद मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा, कारण पोलिसांच्या भीतीनं घरात दडून बसलेल्या कितीतरी पोरांना आणि त्यांच्या आयांना ती माहीत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि त्यानं उपचार पूर्ण केले, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालत नाही.